घास अडू लागला तर

बुरोंडीसारख्या बंदरावरच्या गावात घशात काही अडकले, म्हणजे पहिला संशय जातो माशाच्या काट्यावर. त्याचे औषधही घरचेच. कोरड्या भाताचा मुटका गिळायचा, नाहीतर केळ्याचा तुकडा न चावता खाली ढकलायचा. हे औषध काही फार शहाणपणाचे नव्हे, पण काटा असला तर दोनतीन दिवसांत त्याचा सोक्षमोक्ष लागतो. आमच्या वाडीतल्या एका काकांचा काटा मात्र सहा महिने निघाला नाही.

काकांचा सबंध जन्म होडीवर गेलेला. तांडेल म्हणून नाव मिळवलेले, आणि कमरेला तंबाखूची पिशवी कायमची. गणपतीत त्यांना भाकरीचा घास अडू लागला. त्यांनी भाकरी सोडली आणि भात धरला. दिवाळीनंतर भातही अडू लागला, तेव्हा तो आमटीत कालवून, मऊ करून खाऊ लागले. शिमग्याला पेजसुद्धा उतरेना, तेव्हा घरच्यांनी त्यांना मुंबईला हलवले. "काका, इतके दिवस बोलला का नाहीत?" असे मी विचारले, तर म्हणाले, "अरे, दुखत नव्हतं ना काही. दुखलं असतं तर बोललो असतो."

श्रोतेहो, या रोगाची सगळी लबाडी काकांच्या त्या एका वाक्यात आहे. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत गेलेली, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची नळी. ती श्वासनलिकेच्या मागून आणि पुढे हृदयाच्या मागून खाली उतरते. ती ताणली जाते, हा तिचा गुण. आणि आजारात तोच दोष ठरतो. आत गाठ वाढत असली तरी उरलेली भिंत ताणून घास वाट काढतो. वाट बरीचशी बुजली म्हणजेच माणसाला अडल्यासारखे वाटते. शिवाय पोटातल्या आतड्यांना बाहेरून जे पातळ वेष्टन असते, ते छातीतल्या या नळीला नाही. त्यामुळे गाठीला शेजारी घुसायला फारशी आडकाठी राहत नाही. भाकरी, भात, पेज, पाणी अशा पायऱ्यांनी माणूस खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर आपले जेवण बदलून स्वतःची समजूत घालतो. मुंबईचा डॉक्टर भेटतो तो शेवटच्या पायरीवर.

या कर्करोगाच्या मुख्य जाती दोन. एक नळीच्या खालच्या टोकाशी होणारी. युरोप-अमेरिकेत ती अधिक, आणि तिचा संबंध लठ्ठपणाशी व वर्षानुवर्षे वर येणाऱ्या आम्लाशी आहे. दुसरी नळीच्या आतल्या अस्तरातून उठणारी. आपल्याकडे हीच जास्त आढळते. तिची मुळे तंबाखूत, दारूत आणि तंबाखू घातलेल्या पानात आहेत. फार कढत पेयांविषयीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली इशारा दिला. ६५ अंश सेल्सियसच्या वरचे पेय बहुधा रोगाला हातभार लावते. तंबाखूचे म्हणाल, तर तो शोध लावण्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथे काम केलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी कसा संबंध आहे, हे त्यांनी रुग्णांच्या सवयींची इतरांच्या सवयींशी तुलना करून दाखवले. या गोष्टीला सत्तर वर्षे होऊन गेली. आमच्या वाडीतल्या मशेरीच्या डब्या अजून चुलीशेजारीच आहेत.

असो. काकांना मुंबईत नेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचा मला फोन आला. "दादा, इथले डॉक्टर काकांवर प्रयोग करायचा म्हणतात. दोन उपचार आहेत, त्यातला कुठला द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवणार! हे हॉस्पिटल आहे की भिशी? सही करू का नको?"

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि त्यातला संख्याशास्त्राचा भाग दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. तेव्हा चिठ्ठीपुरते बोलण्याचा मला अधिकार आहे. मी पुतण्याला म्हटले, समज, बाजारात नवे जाळे आले. ते जुन्याहून चांगले की नाही, हे पाहायचे आहे. ते जर बंदरावरच्या सर्वांत हुशार तांडेलाला दिले आणि मासळी जास्त आली, तर ती जाळ्यामुळे की तांडेलामुळे? चिठ्ठ्या टाकून निम्म्या होड्यांना नवे व निम्म्यांना जुने दिले, तर दोन्हीकडे हुशार आणि आळशी सारखेच वाटले जातील. मग जो फरक दिसेल तो जाळ्याचा. डॉक्टरने निवड केली, तर नकळत धट्टेकट्टे रोगी नव्या उपचाराकडे जातात आणि नवा उपचार फुकट मोठा ठरतो. आणि चिठ्ठीत 'जुने' निघाले म्हणजे रोग्याला वाऱ्यावर सोडले, असे नाही. जुने म्हणजे त्या दिवशी मान्य असलेला चांगला उपचार.

या चिठ्ठ्यांनी काय साधले, तेही सांगितले पाहिजे. छातीतली अन्ननलिका कापून काढून रोगी जगवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदाने १९१३ साली केली. ती बाई पुढे बारातेरा वर्षे जगली, छातीबाहेर बसवलेल्या रबरी नळीतून अन्न खाली सोडीत! आता जठराचीच नळी करून ती वर ओढून जोडतात. परंतु नुसत्या शस्त्रक्रियेने रोग वारंवार उलटतो, हे डॉक्टर पाहत होते. आधी औषधे व किरण देऊन मग कापले तर? हॉलंडमध्ये ३६६ रोग्यांवर हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून विचारला गेला आणि २०१२ साली उत्तर छापले गेले. एका गटाला नुसती शस्त्रक्रिया. दुसऱ्याला आधी पाच आठवडे, दर आठवड्याला दोन औषधे आणि त्याच काळात २३ वेळा किरण, मग शस्त्रक्रिया. पहिल्या गटाचे आयुष्यमान मध्यकाने २४ महिने, दुसऱ्याचे ४९.४ महिने.

येथे शिक्षकमंडळींनी थोडे थांबावे, कारण घोटाळा होतो तो याच शब्दावर. मध्यक म्हणजे सगळ्या रोग्यांना जगलेल्या काळाप्रमाणे ओळीने उभे केले, तर अगदी मधला माणूस. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. "डॉक्टरांनी दोन वर्षं दिली" असे गावात म्हणतात, ते चूक आहे. डॉक्टरने ओळीतली मधली जागा सांगितली. आपला माणूस ओळीत कोठे उभा आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. त्याच हॉलंडच्या प्रयोगात दहा वर्षांनी शंभरातले ३८ हयात होते, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात २५. म्हणजे लाभ खरा, पण रोग अजूनही भारीच.

त्या प्रयोगात बहुतेक रोगी पाश्चात्त्य जातीच्या कर्करोगाचे होते. आपल्या जातीचे होते त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या कापून काढलेल्या नळीत किरण-औषधांनंतर कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता. चीनमध्ये केवळ आपल्या जातीच्या ४५१ रोग्यांवर असाच प्रयोग झाला. २०१८ साली छापलेले त्याचे मध्यक १००.१ आणि ६६.५ महिने. जपानी डॉक्टरांनी २०२४ साली दाखवले, की किरणांवाचूनही तीन औषधे मिळून दोन औषधांपेक्षा सरस ठरतात. तेव्हा वाद मिटलेला नाही, म्हणूनच चिठ्ठ्या चालू आहेत.

आणखी एक प्रश्न ओघानेच आला. गाठ किरणांनीच विरली असेल, तर कापायचेच कशाला? हॉलंडमध्येच त्याचा शोध घेतला गेला. तेथे चिठ्ठ्या रोग्यांच्या नव्हे, रुग्णालयांच्या टाकल्या. कोणत्या रुग्णालयाने कधीपासून 'न कापता लक्ष ठेवायचे' हे त्यांवरून ठरले. २०२५ साली छापलेल्या निष्कर्षाप्रमाणे दोन वर्षांनंतर लक्ष ठेवलेल्यांपैकी शंभरात ७४ व कापलेल्यांपैकी ७१ हयात होते. ऐकायला हे गोड वाटते. परंतु लक्ष ठेवणे म्हणजे ठरावीक महिन्यांनी पुन्हा पुन्हा दुर्बीण आणि छायाचित्रे. दापोलीहून रात्रीची एस.टी. पकडून मुंबई गाठणाऱ्या माणसाने हे कितीदा करावे? तारीख चुकली तर हा मार्ग मला कापण्यापेक्षा धोक्याचा वाटतो. तसेच शस्त्रक्रियेचे. अमेरिकेतली २००२ सालची पाहणी सांगते, की ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या आणि नेहमी करणाऱ्या रुग्णालयांतल्या मृत्यूंत शंभरामागे पाचांहून अधिक फरक पडतो. म्हणून "वर्षात अशा किती करता?" हे विचारायला लाजू नये.

काकांची चिठ्ठी निघालीच नाही. पुतण्याला पटले आणि तो सहीला गेला, त्याच दिवशी तपासणीत रोग यकृतात पोचलेला दिसला. हा प्रयोग गाठ एका जागी असणाऱ्यांसाठी होता. काकांच्या नळीत धातूची जाळी बसवून वाट मोकळी केली. ते गावी आले, मऊ भात आणि आमटी खाऊ लागले, एकदा बंदरावरही जाऊन बसले. पाऊस संपण्यापूर्वी गेले.

तेव्हा भाकरीचा घास दोनतीन आठवडे अडतो आहे, त्यात वजन उतरते आहे, आणि वय चाळिशीपलीकडचे आहे, असे दिसले तर काट्याची गोष्ट सोडावी. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन "भाकरी अडते, भात उतरतो, अमुक दिवसांपासून" अशा शब्दांत सांगावे आणि अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी कोठे होईल ते लिहून घ्यावे. जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, पुढे परळ आहेच. तुकडा काढून तपासल्यावाचून निदान पुरे होत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती येथे बाळगू नये.

आणि प्रयोगाचा कागद पुढे आला तर तो मराठीत मागावा, घरी आणावा, शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यावा. भारतात औषधोपचारांच्या प्रयोगांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे व २००९ पासून तीत नाव घालणे सक्तीचे आहे. तो नोंदणी क्रमांक विचारावा. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, हे त्यात लिहिलेले असते. सही केल्यानंतरही कोणत्याही दिवशी बाहेर पडता येते आणि त्यासाठी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही, हे रोग्याच्या बायकोलाही समजावून सांगावे. कारण खाटेशी रात्रभर तीच बसलेली असते.