विश्लेषण : गरोदरपणात पोटात कळ आली, थांबायचे की दवाखाना गाठायचा?

गरोदर बाईच्या पोटात कळ आली की घरातून पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘होतं असं, जरा पड.’ बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण काही कळा अशा असतात, की त्यात गेलेला एकेक तास आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो.

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर पोहोचले. हे गाव अंबड तालुक्यात आहे. उपजिल्हा रुग्णालय अंबडला, तर जिल्ह्याचे स्त्री रुग्णालय तिथून सुमारे २५ किलोमीटर पुढे जालन्याला. अशा गावात ‘बघू सकाळी’ म्हणताना या प्रवासाचा वेळही हिशेबात धरावा लागतो.

साधी कळ कशी ओळखायची?

गर्भाशय वाढते, त्याला धरून ठेवणारे स्नायुबंध ताणले जातात. त्यामुळे उठताना, कूस बदलताना किंवा खोकताना जांघेच्या वर क्षणभर चमक येते. गॅस आणि बद्धकोष्ठतेनेही पोट दुखते. शेवटच्या तीन महिन्यांत पोट अधूनमधून आवळते आणि सैल होते. या खोट्या कळा.

या सगळ्या दुखण्यांत एक गोष्ट समान असते. लघवी करून, पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडल्यावर ती कमी होतात. त्यांचा जोर वाढत जात नाही आणि सोबत दुसरे कोणतेही लक्षण नसते. म्हणून ‘किती दुखतंय?’ याच्या जोडीला ‘आणखी काय होतंय?’ हेही विचारायला हवे.

कोणत्या महिन्यात कशाची भीती?

पहिले तीन महिने : पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणे ही गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजल्याची लक्षणे असू शकतात. नलिका फुटली तर रक्तस्राव पोटाच्या आत होतो, बाहेर फारसा दिसतही नाही. कळांसोबत अंगावरून रक्त जात असेल तर गर्भपाताची शक्यता असते. सोनोग्राफीशिवाय यातले नेमके काय आहे ते कळत नाही. त्यामुळे मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून ‘मोकळे होणे’ जिवावर बेतू शकते.

पाचव्या महिन्यानंतर : बरगडीखाली, विशेषतः उजवीकडे दुखणे आणि सोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज असेल तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब आला तर डॉक्टरांनी लगेच तपासायला हवे. हे दुखणे पित्त समजून अंगावर काढले जाते.

सातवा ते नववा महिना : ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर कळा येत असतील, कंबरेतून ओढ लागत असेल, तर दिवस भरण्याआधीच प्रसूती सुरू झालेली असू शकते. इथे वेळेवर पोहोचण्याचा थेट फायदा आहे. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात; पण त्यांचा परिणाम व्हायला काही तास लागतात. आणि पोट न थांबता दुखत असेल, दगडासारखे कडक झाले असेल, तर वार सुटू लागल्याची शंका घ्यावी लागते. यात बाहेर रक्त दिसेलच असे नाही.

लगेच निघा, जर...

• दुखण्यासोबत अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल
• तासभर विश्रांती घेऊनही कळ थांबत नसेल किंवा वाढत असेल
• चक्कर, दरदरून घाम किंवा शुद्ध हरपत असेल
• ताप, थंडी किंवा लघवीला जळजळ असेल
• झटके, तीव्र डोकेदुखी किंवा नजर धूसर असेल
• बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली असेल

यातील पहिले, तिसरे, पाचवे किंवा सहावे लक्षण दिसले तर तासभर थांबण्याचाही प्रश्न नाही.

उशीर नेमका कुठे होतो?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले : जायचे ठरवण्यात, पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात.

पहिला उशीर घरात होतो. नवरा शेतात असतो, सासूबाईंना विचारायचे असते, रात्र झालेली असते. यावर उपाय एकच. वरची लक्षणे घरातल्या सर्वांना आधीच माहीत हवीत, म्हणजे कुणाच्या परवानगीसाठी थांबावे लागणार नाही.

दुसरा उशीर रस्त्यावरचा. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आणि गरोदर मातांसाठीची १०२ सेवा मोफत आहे. फोनवर गाव, तालुका, महिना आणि लक्षण एवढे सांगावे. आशाताईंचा आणि गावातल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबरही सेव्ह असावा.

तिसरा उशीर दवाखान्याच्या दारातला. मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात जुळ्या बाळांच्या आईचा मृत्यू झाला. एका खासगी रुग्णालयाने आधी दहा लाख रुपये मागितल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि राज्यभर संताप उसळला. अत्यवस्थ रुग्णाचा जीव वाचवणे हे सरकारी वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे.

ऊसतोडीला गेल्यावर काय?

दिवाळीच्या सुमारास जालना, बीडमधून टोळ्या निघतात, त्यात गरोदर बायकाही असतात. फडावर गावची आशाताई नसते आणि उचल घेतलेली असल्याने खाडा परवडत नाही. निघताना माता व बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सोबत घ्यावेत. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि आधीचे सिझेरियन त्यातून नव्या डॉक्टरांना लगेच कळते. फड कोणत्याही जिल्ह्यात असला तरी सरकारी रुग्णालयातल्या या मोफत सेवा तिथेही मिळतात. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या आरोग्य केंद्रात नोंद करून घ्यावी.

गाडी येईपर्यंत काय टाळावे?

पोट चोळू नये, शेकू नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रक्त जात असेल तर पॅड वापरावे, म्हणजे किती गेले ते डॉक्टरांना सांगता येते. शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून खायला देऊ नये. बाईला डाव्या कुशीवर झोपवावे आणि कार्ड, कागद हाताशी ठेवावेत.

दवाखान्यात जाऊन ‘काही नाही, घरी जा’ असे ऐकायला मिळाले तर ती फेरी वाया गेली असे समजू नये. पुन्हा लक्षण दिसले तर पुन्हा जावे.