पीक विमा : खरिपाला एक नियम, द्राक्षाला दुसरा

अवकाळी सर आली की सांगली शहरात, विश्रामबागेत लोक छत्री शोधतात. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्ष बागायतदाराला मात्र डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती लागते आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. नुकसान झालेच, तर विम्याचे नियम असे.

हप्ता : एक रुपयातला विमा राज्यात खरीप २०२३ ला आला, २०२५ च्या खरिपात बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या कमाल इतका : खरीप २ टक्के, रब्बी दीड टक्का, नगदी पिके ५ टक्के.

खरीप-रब्बीची भरपाई : पीक कापणी प्रयोगात निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे विम्यासाठी आधीच ठरलेल्या पातळीपेक्षा, कमी भरले तरच.

द्राक्षाची भरपाई : योजना हवामान आधारित. अवकाळी पावसासाठी बागेचा पंचनामा नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद हाच पुरावा. शिवार भिजले, पण केंद्र कोरडे राहिले, तर हातात काही नाही.

सुधारणा : ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याचा केंद्र सरकारचा ‘विंड्स’ कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झाला.

गारपिटीचे संरक्षण वेगळे, त्याचा हप्ताही जादा. ते घेतले असेल, तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्या.