माळावरची रिमोट गाडी

बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला बालाघाटचा डोंगरपट्टा आहे आणि उत्तरेला गोदावरीचे खोरे. पाटोदा, आष्टीकडच्या बरड माळावर पायाखालचा मुरूम सरकतो. गेवराई, माजलगावकडे काळी माती लागते, भेगाळलेली आणि ढेकळांची. रिमोटवर चालणारी ऑफ-रोड गाडी दोन्हीकडे पळते, पण एकाच सेटिंगवर नव्हे. गाडी उलटू लागली, घसरू लागली की हौशी मंडळी जास्त ताकदीची मोटर घेतात. खरे तर पैसे आधी टायरवर घालायला हवेत.

मुरमाच्या माळावर वर भुगा असतो आणि खाली टणक थर. टायरच्या गुट्ट्यांनी हा भुगा कापून खालचा थर पकडला, तरच गाडी पुढे सरकते. म्हणून सैल जमिनीवर उंच आणि विरळ गुट्ट्यांचे, मऊ रबराचे टायर लागतात. वहिवाटीने घट्ट झालेल्या पांदणीवर मात्र बारीक, दाट गुट्ट्यांचे टायर चांगले. काळ्या मातीत पावसानंतर गाडी नेऊच नये. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकांत गच्च बसते आणि मोटरवर नाहक भार येतो.

टायरनंतर शॉकअप. या खेळाने खडबडीत जमिनीवर खरी पकड मिळवली ती इथेच. जपानच्या तामिया कंपनीची ‘रफ रायडर’ ही ऑफ-रोड रिमोट गाडी 1979 मध्ये आली. 1984 मध्ये अमेरिकेच्या टीम असोसिएटेडने ‘आरसी10’ आणली. तिचे तेल भरलेले, लांब हालचालीचे शॉकअप ही तिची मोठी जमेची बाजू होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात पहिली ऑफ-रोड जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्ह गटात हीच गाडी जिंकली.

खडबडीत वाटेवर स्प्रिंग मऊ हवी. कडक स्प्रिंगची गाडी प्रत्येक दगडावर उडते आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. तितकेच महत्त्व चाकाच्या खाली लोंबण्याला आहे. गाडी उचलली की चाके चांगली खाली आली पाहिजेत, म्हणजे खड्ड्यातही टायर जमीन सोडत नाही. उंची तपासायला गाडी बॅटरीसह सपाट फरशीवर ठेवावी, मागचा भाग दाबून सोडावा. चाकांकडे जाणारे दांडे जमिनीला जवळपास समांतर थांबले, तर सुरुवातीला तेवढी उंची पुरे. मग गाडी वीतभर उंचीवरून आडवी सोडून पाहावी. पोट जोरात आदळले तर तेल फार पातळ किंवा स्प्रिंग फार मऊ आहे. गाडी चेंडूसारखी उसळली तर स्प्रिंगला आवरायला तेल कमी पडते आहे.

तेलाच्या बाबतीत बीडचा उन्हाळा विसरून चालत नाही. पारा चाळिशीपार गेला की सिलिकॉनचे तेलही पातळ होते. जानेवारीत बरोबर बसलेली गाडी मे महिन्यात उड्या मारू लागते, तेव्हा एक पायरी जाड तेल भरावे. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार असेल तर तो काढून पाहावा. मग प्रत्येक चाक मोकळेपणाने वरखाली होऊ लागते. मोटरचे पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचे दातेरी चाक, एक-दोन दातांनी लहान केले की वेग थोडा उतरतो, पण भुसभुशीत मातीत मोटर कमी तापते. फेरीनंतर मोटरवर बोट टेकवत नसेल, तर पिनियन अजूनही मोठे आहे.

मात्र एका वेळी एकच बदल करावा. टायर, तेल आणि पिनियन एकाच दिवशी बदलले, तर फरक कशाने पडला ते समजत नाही. वहीत तारीख, जागा आणि बदल लिहून ठेवला तर पुढच्या मोसमात उपयोगी पडतो.

फुफाटा हा या गाड्यांचा खरा शत्रू. उघड्या सांध्यांना तेल-ग्रीस लावू नये. त्याला धूळ चिकटते आणि सांधे झिजतात. फेरीनंतर ब्रशने झाडून बेअरिंग हाताने फिरवून पाहावीत. करकर ऐकू आली तर बेअरिंग लगेच बदलावे, नाहीतर चाकाचा दांडाही जातो.

गाडी पळवायला ज्वारीची काढणी झालेले रान उत्तम, तेही मालकाला विचारून. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात आणि त्याच्या कडेने मात्र ती कोणीही नेऊ नये. तो माळ मोरांचा आहे.