खुब्यातील अस्थि-संघट्टन

मांडीच्या हाडाचा (ऊर्वस्थीचा) वरचा भाग आणि त्याला सामावून घेणारी कटीच्या हाडातील खोबण (उलूखल) यांच्या आकारांत पुरेसा मेळ नसल्यामुळे, पाय दुमडताना किंवा आत वळविताना ही हाडे एकमेकांवर वेळेआधीच आदळतात. या आघाताने सांध्यातील मऊ भाग दबून वेदना होतात, तेव्हा त्या विकारास ‘खुब्यातील अस्थि-संघट्टन’ म्हणतात. तो मुख्यतः तरुण व मध्यमवयीन व्यक्तींत आढळतो.

संरचना : खुबा हा उखळी-सांधा आहे. ऊर्वस्थीचे गोल शीर्ष उलूखलात फिरते. दोहोंचे पृष्ठभाग गुळगुळीत उपास्थीने (कूर्चेने) आच्छादलेले असतात. उलूखलाच्या कडेभोवती तंतुमय उपास्थीचे एक कडे असते. ते सांध्यातील द्रव आत राखते व सांध्यास स्थैर्य देते. शीर्षाखाली हाड निमुळते होऊन ‘मान’ बनते. या निमुळतेपणामुळेच पाय पुरेसा दुमडला, तरी मान उलूखलाच्या कडेस लागत नाही.

प्रकार : पहिल्या, म्हणजे ‘कॅम’ प्रकारात शीर्ष व मान यांच्या जोडावर हाडाचा उंचवटा असतो. पाय दुमडताना हा उंचवटा उलूखलात घुसतो व तेथील उपास्थी बुडापासून सोलली जाते. हा प्रकार तरुण पुरुषांत अधिक दिसतो. दुसऱ्या, म्हणजे ‘पिन्सर’ (चिमटा) प्रकारात उलूखलाची कड प्रमाणाबाहेर पुढे आलेली असते. तिच्यात व मानेत तंतुमय कडे चिमटले जाते. हा प्रकार मध्यमवयीन स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो. पुष्कळ रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असतात.

कारणे : कॅम प्रकारचा उंचवटा बहुधा किशोरवयात, हाडाची वाढ चालू असताना तयार होतो. त्या वयात फुटबॉल, बर्फावरील हॉकी यांसारखे खेळ जोमाने खेळणाऱ्या मुलांत तो अधिक आढळला आहे. बालपणी ऊर्वस्थिशीर्ष सरकणे किंवा त्याचा रक्तपुरवठा खंडित होणे या विकारांनंतरही असा आकार राहू शकतो. मात्र आकारातील दोष म्हणजे रोग नव्हे. असा आकार असलेल्या अनेकांना कधीच त्रास होत नाही.

इतिहास : १९३६ मध्ये स्मिथ-पीटरसन यांनी उलूखलाची कड छाटण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. १९७५ मध्ये स्टलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण चित्रातील विकृत ऊर्वस्थीला पिस्तुलाच्या मुठीची उपमा दिली. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ट गांट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संघट्टन खुब्याच्या अस्थिसंधिशोथाचे (सांधा झिजण्याचे) एक कारण असल्याची मांडणी केली. तेव्हापासून या विकाराकडे सर्वत्र लक्ष वेधले गेले.

लक्षणे व निदान : वेदना प्रामुख्याने जांघेत होते. ती कधी मांडीत, नितंबात वा कंबरेतही जाणवते. दुखरी जागा विचारली असता, अंगठा मागे व बोटे पुढे ठेवून रुग्ण खुब्याला पंजाने विळखा घालतो. उकिडवे बसणे, बराच वेळ खुर्चीत बसणे, वाहनात चढणे-उतरणे यांनी त्रास वाढतो. रुग्णास उताणे निजवून खुबा ९०° दुमडावा आणि पाय मध्यरेषेकडे नेऊन आत वळवावा, म्हणजे नेहमीची वेदना उद्भवते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार लक्षणे, तपासणीतील चिन्हे व प्रतिमाचित्रण या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय निदान करू नये. अंतर्गळ, कण्याचे विकार, खुब्याचा क्षयरोग व रक्तपुरवठ्याअभावी होणारा ऊर्वस्थिशीर्षाचा मृत्यू यांचा विचार आवश्यक ठरतो. शेवटच्या दोहोंत विलंब विशेष हानिकारक असतो.

दैनंदिन जीवन : ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर शहरात उत्तनसारखी कोळ्यांची वस्ती आहे, तसाच उपनगरी रेल्वेने मुंबईस जाणारा मोठा नोकरदार वर्गही आहे. नोकरदारास उंच खुर्ची वापरण्याचा व मधूनमधून उठण्याचा सल्ला सहज पाळता येतो. मासळी निवडण्यासाठी खाली बसणाऱ्या स्त्रीला मात्र ‘उकिडवे बसू नका’ असे सांगणे हा उपजीविकेचा प्रश्न असतो. तिला पाट, चौरंग किंवा उंचावरील फळी यांची सोय सुचविणे अधिक उपयुक्त होय. मांडी घालून बसताना पाय बाहेर वळतो. त्यामुळे ती बैठक सर्वांनाच बाधते असे नाही. जी स्थिती प्रत्यक्ष दुखते, तीच टाळावी.

उपचार : प्रारंभी हालचालींत फेरबदल, मर्यादित काळ वेदनाशामक औषधे आणि नितंब, पोट व पाठ यांच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम योजतात. वेदना सोसून सांधा ताणू नये. ताणल्याने हाडाचा अडसर दूर होत नाही, उलट कडे अधिक दुखावते. काही महिन्यांत आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. दुर्बिणीद्वारे किंवा सांधा उघडून उंचवटा तासतात, वाढलेली कड छाटतात व फाटलेले कडे शिवतात. हाड अधिक तासल्यास मान मोडण्याचा धोका असतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत व्यायामोपचार व दुर्बिणीची शस्त्रक्रिया या दोहोंनी सुधारणा झाली. वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा लाभ १०० गुणांच्या मापावर सरासरी ६·८ गुणांनी अधिक होता. म्हणजे शस्त्रक्रिया उपयुक्त असली, तरी ती प्रत्येकास अपरिहार्य नव्हे.

सांधा आधीच बराच झिजला असल्यास तासण्याने फारसा लाभ होत नाही. तेव्हा पुढे कृत्रिम सांधा बसवावा लागतो. झिजलेली उपास्थी पूर्ववत होत नाही. म्हणून तरुणपणी जांघेत टिकून राहणाऱ्या वेदनेकडे ‘लचक’ समजून दुर्लक्ष न करता वेळीच तपासणी करून घेणे श्रेयस्कर ठरते.