आधी घड्याळ पाहा

२०२२ च्या गुढीपाडव्याला, शनिवारी संध्याकाळी, आकाशातून सरकत गेलेली ती जळती रांग एव्हाना प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडलेलं धातूचं कडं आणि पवनपारला सापडलेला गोळा यांचे फोटोही सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे काय झालं ते पुन्हा सांगत नाही. मला त्यानंतरच्या काही तासांबद्दल लिहायचं आहे. इकडे उल्का, क्षेपणास्त्र, पडलेलं विमान, परग्रहावरचे पाहुणे असे एकेक तर्क पुढे येत होते, आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या एका माणसाने आपल्या नोंदी तपासून त्या आगीचं नाव, गाव आणि जन्ममहिना सांगून टाकला: चीनच्या ‘चांग चेंग ३बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१.

त्यांचं नाव जोनाथन मॅकडॉवेल. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात ते क्ष-किरण खगोलशास्त्रज्ञ होते; आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव दिलेल्या ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीशी त्यांची नोकरी जोडलेली होती. पडणाऱ्या अग्निबाणांचा हिशेब ठेवणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम नव्हतं. तरीही १९८९ पासून ते अवकाश उड्डाणांचं एक वार्तापत्र चालवतात. १९५७ च्या स्पुटनिकपासून आजवर माणसाने कक्षेत सोडलेल्या वस्तूंची यादी त्यांनी तयार केली आहे, आणि ती कुणालाही पाहायला खुली आहे. कोणती वस्तू कधी गेली, आता कुठे आहे, कधी पडली, हे सगळं त्यात मिळतं. त्या शनिवारी त्यांना शोधाशोध करावी लागली नाही. वाय७७ चा हा टप्पा पुढच्या तासाभरात वातावरणात शिरणार हे आधीच अपेक्षित होतं, आणि त्याचा मार्ग आपल्या लोकांनी काढलेल्या चित्रफितींशी जुळत होता. सुरुवातीला आपल्याकडे न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या अग्निबाणाचंही नाव घेतलं गेलं. मार्गाच्या गणितात चिनी टप्पा चपखल बसला. लाडबोरीचं कडं सुमारे ३ मीटर व्यासाचं आहे, आणि चांग चेंग ३बी च्या तिसऱ्या टप्प्याचा व्यासही ३ मीटर आहे.

मॅकडॉवेल यांना हे जमलं ते अलौकिक बुद्धीमुळे नव्हे, वर्षानुवर्षं राखलेल्या नोंदवहीमुळे. आकाशातली अनोळखी वस्तू ओळखण्याचं शास्त्र बहुतांशी हिशेबनिसाचं काम आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या हिशेबातला अर्धा भाग खाली उभ्या असलेल्या माणसाने पुरवायचा असतो.

शनिवारच्या चित्रफितींतच उत्तराचा मोठा भाग होता. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. ‘ते बघ’ म्हणेपर्यंत ती संपते. कक्षेतून उतरणारी मानवनिर्मित वस्तू त्या मानाने सावकाश, सेकंदाला साधारण साडेसात-आठ किलोमीटरने येते. ती जवळजवळ क्षितिजाला समांतर सरकते, तुकडे होत जाते, आणि ते तुकडे एकाच वाटेने एकामागून एक चालतात. खिशातून मोबाइल काढून, कॅमेरा उघडून, घरच्यांना हाका मारूनही जे चित्रित करायला वेळ उरतो, ते बहुधा अवकाशातला कचरा असतो. झाबुआ-बडवानीपासून चंद्रपूरपर्यंत इतक्या जणांना ते चित्रित करता आलं, हीच पहिली खूण होती.

मग सगळं जळून का गेलं नाही? अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियमला १६५० अंशांहून जास्त उष्णता लागते. शिवाय इंधनप्रणालीतले दाबाचे गोळे पोकळ, हलके आणि भक्कम असतात. हवा त्यांचा वेग लवकर मोडते आणि ते बऱ्यापैकी धड खाली येतात. म्हणून अशा पडझडीनंतर शेतात वारंवार गोळेच सापडतात.

नोंदीचं मोल कळायला लडाखचं उदाहरण माझ्या मते सर्वांत चांगलं आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या आपल्या जवानांनी अनोळखी प्रकाशित वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, असा संशय होता. प्रकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेलं आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी निकाल दिला: एक वस्तू गुरू, दुसरी शुक्र. तेव्हा या बातमीवर पुष्कळ हसणं झालं. मला ते हसणं तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. विरळ, कोरड्या हवेत ग्रह विलक्षण तेजाने झळकतात. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा वाटतो, हा डोळ्यांचा स्वभावच आहे. आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह रात्रभरात खरोखर आकाश ओलांडतो. कडाक्याच्या थंडीत उभं राहून त्या जवानांनी वेळा लिहून ठेवल्या, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना ग्रहांच्या उदयास्ताशी त्या ताडून पाहता आल्या. नोंद नसती तर संशय तसाच राहिला असता, आणि तोही सीमेवर.

नोंद नसली की काय होतं, ते अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने जून २०२१ मध्ये दाखवून दिलं. आकाशातल्या अनोळखी वस्तूंवरच्या त्यांच्या अहवालातल्या १४४ प्रकरणांपैकी एकाचाच खात्रीने उलगडा झाला. तो हवा निघत चाललेला मोठा फुगा होता. उरलेल्या १४३ वरून जगभर परग्रहवासीयांच्या चर्चा रंगल्या. चांगल्या प्रतीची माहितीच अपुरी आहे, हे त्याच अहवालातलं वाक्य फारसं कुणी वाचलं नाही. ‘ओळख पटली नाही’ याचा अर्थ ‘परग्रहावरून आलं’ असा होत नाही. बहुतेक वेळा वही कोरी राहिली, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आपल्यालाही असं काम पडत राहणार आहे. त्या एप्रिलमध्ये पहाटे पूर्वेला शुक्र, मंगळ आणि शनी होते. महिनाअखेरीस शुक्र आणि गुरू एकमेकांना अगदी खेटलेले दिसणार होते. क्षितिजालगत असे दोन प्रखर दिवे शेजारी शेजारी पाहून कुणीतरी नक्की घाबरतं. स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस ते एका ओळीत, माळेतल्या मण्यांसारखे, आवाज न करता जातात. त्यानेही गोंधळ उडत राहील. अशा वेळी आधी घड्याळ पाहावं, अगदी मिनिटापर्यंत. कक्षेतली वस्तू मिनिटाला साडेचारशे किलोमीटर जाते. ‘आठच्या सुमारास’ एवढ्या माहितीवर ती सापडत नाही. कुठून कुठे गेली ती दिशा लक्षात ठेवावी. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते, म्हणून क्षितिजापासून किती मुठी वर होती ते सांगता येतं. चित्रण करताना झूम करू नये. चौकटीत एखादं झाड, विजेचा खांब किंवा घराचं छप्पर येऊ द्यावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, गावोगावी इतरही खगोलप्रेमी मंडळं आहेत. त्यांच्याकडे ही टिपणं पोचली तर उत्तर त्याच रात्री मिळू शकतं.

हे सगळं फक्त कुतूहलासाठी नाही. एवढा मोठा टप्पा वर्षभराहून अधिक काळ नियंत्रणाविना फिरत ठेवायचा आणि तो कुठे पडेल ते वाऱ्यावर सोडायचं, ही बेपर्वाई आहे. मे २०२१ मध्ये चीनच्याच लाँग मार्च ५बी अग्निबाणाचे अवशेष मालदीवजवळ समुद्रात पडले तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. या वेळी कुणाला इजा झाली नाही. कडं एखाद्या घरावर आलं असतं तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला वस्तू सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने नुकसानभरपाई मागितली आणि अखेर ३० लाख कॅनडियन डॉलर घेतले. असा दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. ते वर्ष नुकसान झाल्या दिवसापासून, किंवा वस्तू कोणत्या देशाने सोडली होती हे कळल्या दिवसापासून मोजलं जातं.