पाण्याच्या वाटेचा दस्त

कात्रजच्या डोंगराकडून उतरत आलेली अडीच एकर जमीन. मे महिन्याची अखेर. तिपाईवरच्या ऑटो लेव्हलला डोळा लावून साइट इंजिनिअर उभा आहे आणि शंभर पावलांवर त्याचा मदतनीस आकड्यांची उंच पट्टी धरून. "सरळ धर, हलवू नको." वहीत आकडा उतरतो. इमारतीचा पाया अजून खणायचाय, पण पावसाचं पाणी कुठून जाणार हे आधी ठरतंय.

मी दोन दिवस त्याच्या मागे हिंडलो. चेंबर ते चेंबर तीस मीटर आणि उतार दोनशेला एक, म्हणजे तीस मीटरला फक्त १५ सेंटिमीटर. कंपासपेटीतल्या पट्टीएवढी ही उतरण डोळ्याला दिसत नाही. पाण्याला मात्र बरोबर कळते. मुकादमाच्या अंदाजाने टाकलेला एक पाइप जरासा उलटा बसला होता. एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरल्यावर प्रकाशाचा गोल अर्धाच दिसला. इंजिनिअर काही बोलला नाही. पाइप उपसून पुन्हा बसवला गेला.

दुपारी साइट ऑफिसच्या पत्र्याखाली त्याने हिशेब मांडला. ही जमीन साधारण एक हेक्टर. तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला, तर मोकळ्या जमिनीवरून सेकंदाला अंदाजे ५० लिटर पाणी वाहून जातं, बाकीचं मुरतं. तिथेच छत, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की वाहणारं पाणी १५० लिटरवर जातं. जादा १०० लिटर म्हणजे अर्ध्या तासात १ लाख ८० हजार लिटर. "दहा हजारी टँकर धरा. अठरा टँकर. मेमध्ये इथे राहायला येणारे लोकच टँकर विकत घेतील." म्हणून नकाशात साठवण टाकी आहे, शोषखड्डे आहेत आणि टाकीतून बाहेर पडणारा पाइप मुद्दाम बारीक आहे.

पण पाणी शेवटी कुंपणाबाहेर जाणारच. खाली ज्वारीचं रान आहे, त्यापलीकडे ओढा. रानाचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, संध्याकाळी बांधावर आले. "पाणी तर आमच्या आज्यापासनं इकडनंच येतंय. आता कागद कशाला?"

अण्णांचं म्हणणं निम्मं खरं होतं. वरच्या जमिनीवर पडून पसरत येणारं पाणी खालच्या मालकाने वाहू द्यावं, हे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातच आहे. नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, हेही अण्णांना पाठ होतं. पण पसरत येणारं पाणी वेगळं आणि छतांवरून गोळा करून पाइपने एकाच जागी सोडलेलं वेगळं. एका जागी सोडलं की माती खरवडते, बांध फुटतो. ती मुभा मागून घ्यावी लागते, मोबदला देऊन आणि लिहून.

बांधावरच मसुदा वाचला गेला. तीन मीटर रुंदीची पट्टी, मालकी अण्णांचीच. पट्टीवर बांधकाम नाही, मोठं झाड नाही. खालून पाइप, ओढ्याच्या तोंडाशी दगडी पिचिंग. सफाईसाठी आत येण्याचा हक्क. सोबत मोजणीचा नकाशा. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद व्हावी म्हणून अर्ज करायचा. नोंद नसेल तर उद्या रान विकत घेणारा पट्टीवर भिंत घालतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी पार्किंगमध्ये उलटतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने माणसं नेली, हे या भागात कुणी विसरलेलं नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाइप तुंबला की उपसायचा कुणी?"

"सोसायटी."

"सोसायटी कुठाय?"

इंजिनिअरने मागे पाहिलं. तिथे चुन्याच्या रेघा आणि दोन खड्डे होते.

"आज बिल्डर. सोसायटीच्या नावावर जमीन झाली की सोसायटी."

"मग तसं लिहा. महिना पण लिहा."

इंजिनिअरने खिशातून पेन काढलं आणि मसुद्याच्या समासात लिहिलं: सफाई दरवर्षी ३१ मेच्या आत. अण्णांनी ते कलम पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावलं.