चॉकलेट चकाकत नाही, हाताला चिकटतं? आधी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा

बेळगाव : दिवाळी जवळ आली की चिवडा-चकलीच्या जोडीला आता घरोघरी चॉकलेटचे डबेही भरले जातात. काजू घातलेला खजूर, नारळाची वडी, सुक्या मेव्याचा लाडू चॉकलेटमध्ये बुडवायचा, चांदीच्या कागदात गुंडाळायचा, की झाली भेट तयार. अनेक गृहिणी ऑर्डरीही घेतात. पण दोन दिवसांनी डबा उघडला तर चॉकलेटवर पांढरे चट्टे, हात लावला तर चिकट, अशा तक्रारी येतात. माल परत आला तर सामान, मेहनत आणि गिऱ्हाईक, तिन्ही जातं. चूक बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होते. एक खरेदीत, दुसरी वितळवताना.

कंपाऊंड की खरं चॉकलेट?

दुकानात ४०० किंवा ५०० ग्रॅमच्या ज्या स्वस्त स्लॅब मिळतात, त्या बहुतेक कंपाऊंडच्या असतात. त्यात कोको पावडर असते, पण स्निग्धांश कोको बटरचा नसून वनस्पती तेलाचा, बहुधा पाम कर्नल तेलाचा असतो. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. बुडवण्यासाठी खास बनवलेल्या खऱ्या चॉकलेटला कुव्हर्चर म्हणतात. त्यात कोको बटर किमान ३१ टक्के असल्याने ते पातळ वितळतं आणि थर नाजूक बसतो.

पाकिटाच्या पुढच्या बाजूचं चित्र पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ लिहिलं असेल तर ते कंपाऊंड. ‘कोको बटर’ वरच्या क्रमांकावर असेल तर खरं.

कंपाऊंड म्हणजे वाईट माल असं नाही. ते स्वस्त पडतं, नुसतं वितळवून वापरता येतं आणि उष्णतेत थोडं जास्त तग धरतं. पणजी-मडगावच्या दमट हवेत किंवा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी तेच सोयीचं. मात्र जिभेवर ते खऱ्यासारखं विरघळत नाही, टाळूला किंचित तुपट लागतं. बेळगावच्या थंडीत, हात बसल्यावर, खऱ्या चॉकलेटचा प्रयोग जरूर करावा.

दोन गोष्टी टाळा. अर्धं कंपाऊंड आणि अर्धं खरं असं मिसळू नका, दोन्हींचे स्निग्धांश एकमेकांशी जमत नाहीत. थर मऊ राहतो आणि पांढरा पडतो. चोको चिप्सही नकोत. त्या भट्टीत आकार टिकावा म्हणून बनवलेल्या असतात, वितळल्यावर घट्टच राहतात.

पाण्याचा थेंबही नको

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी त्यातली साखर ओली होऊन चिकटते आणि सगळं चॉकलेट रवाळ गोळा होऊन बसतं. म्हणून भांडं, चमचा, सुरी कोरडी ठक्क हवी. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, गॅस बंद करा आणि वर बारीक चिरलेल्या चॉकलेटचं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी आत पडतं. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद, प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं.

घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल तेल घाला. दूध किंवा लोणी नको, त्यात पाणी असतं. रंगसुद्धा तेलात मिसळणारेच घ्या. गोळा झालंच तर फेकू नका, गरम दूध किंवा साय घालून सॉस करा. बुडवायला मात्र ते चालणार नाही.

टेंपरिंग म्हणजे काय?

कोको बटर गोठताना त्याचे सहा प्रकारचे स्फटिक होऊ शकतात. त्यातला एकच आपल्या कामाचा. तो चमक देतो, मोडताना ‘कट्’ आवाज करतो आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळतो. तो स्फटिक मिळवण्यालाच टेंपरिंग म्हणतात. कंपाऊंडला याची गरज नाही.

घरची सोपी पद्धत अशी : ५०० ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी सुमारे ३५० ग्रॅम ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. गॅसवरून उतरवून उरलेलं १५० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि ढवळत राहा. ३१-३२ अंशांवर आलं की वापरायला तयार. मिल्क चॉकलेट ४०-४५ अंशांपर्यंतच तापवा आणि २९-३० वर वापरा, पांढरं त्याहून एक अंश कमी. स्वयंपाकघरातला थर्मामीटर इथे पैसे वसूल करतो. खात्री करायची तर सुरीचं टोक बुडवून ठेवा, पाच मिनिटांत चकाकत घट्ट झालं तर जमलं.

काय बुडवायचं?

कोरडा पदार्थ सर्वांत चांगला. भाजून गार केलेला काजू, चिक्की, गोकाकचा करदंट. खजूर धुतला असेल तर पूर्ण वाळवा. बेळगावचा कुंदा ओलसर, तो बुडवला तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा, भेटीच्या डब्यात नको. फ्रिजमधून काढलेला थंड लाडू लगेच बुडवू नका, तो गरम होताना फुगतो आणि थराला तडे जातात.

तयार माल उघडा फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढताच घाम सुटतो आणि वाळल्यावर साखरेचे पांढरे डाग उरतात. हवाबंद डब्यात, थंड कोरड्या जागी ठेवणं बरं.

विकणाऱ्यांसाठी हिशेब

दहा खजूर बुडवण्याआधी आणि नंतर वजन करा. समजा १५० ग्रॅमचे २४० झाले, तर एका नगाला ९ ग्रॅम चॉकलेट लागलं. ५०० ग्रॅमच्या स्लॅबमध्ये हिशेबाने ५५ नग, पण भांड्याला चिकटणारं धरून ५०च मोजा. दर त्यावर ठरवा, शेजारणीचा दर बघून नव्हे.

घरून विकायचं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच. डब्यावर घटक आणि तारीख लिहा. कंपाऊंड वापरलं असेल तर तसं सांगा. स्वस्त माल विकण्यात कमीपणा नाही, पण कंपाऊंड देऊन खऱ्या चॉकलेटचा दर लावला, तर पुढच्या दिवाळीला गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं.